मेडन कासलवरची ती लढाई आता पाटीवरून पुसायची का?

मानसी_पूल

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात राहणाऱ्या, किंवा इकडे येऊन गेलेल्या सगळ्यांसाठी हा धागा.

डॉर्चेस्टर गावाच्या नैऋत्येला मेडन कासल आहे. नावात कासल असलं तरी बुरूज नाही, दगडी भिंत नाही. चॉकच्या टेकडीवर मातीचे एकामागे एक तट आणि त्यांच्यामध्ये खोल खंदक, आत जवळजवळ १९ हेक्टर मोकळं माळरान आणि चरणाऱ्या मेंढ्या. लोहयुगातला हा मातीचा किल्ला साधारण इ.स.पू. ६०० च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे वाढवला गेला. त्याच्याही आधी, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात, तिथे नवाश्मयुगीन लोकांनी खंदकाचं रिंगण खणलं होतं.

मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ मध्ये इथे उत्खनन केलं. पूर्वेच्या दरवाज्याशी पुरलेली माणसं सापडली. काहींच्या कवट्यांवर तलवारीचे घाव, एकाच्या मणक्यात घुसलेलं लोखंडी टोक. त्यावरून व्हीलर यांनी जी गोष्ट सांगितली ती ऐंशीहून जास्त वर्षं चालली: इ.स. ४३, रोमन सेनापती व्हेस्पासियन दुसरी लीजन (रोमन सैन्याचं मोठं पथक) घेऊन आला, दरवाजा फोडला, बायकापोरांसकट कत्तल केली, आणि वाचलेल्यांनी रात्रीच्या अंधारात घाईघाईने आपली माणसं पुरली.

२०२५ मध्ये बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या हाडांच्या रेडिओकार्बन तारखा (हाडांतल्या कार्बनवरून काढलेलं वय) प्रसिद्ध केल्या. ही माणसं एका दिवशी मेलेली नाहीत. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ.स. पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांच्या काळात, वेगवेगळ्या प्रसंगी मारली गेली आहेत. म्हणजे बरीचशी रोमन येण्याच्या आधीच.

माझं स्पष्ट मत: पाट्या, माहितीपुस्तिका, शाळेच्या सहली, सगळीकडून व्हेस्पासियनची कत्तल आता काढून टाकावी. त्या माणसांवर आपण दुसऱ्या कुणाचं मरण लादलंय. तुम्हाला काय वाटतं?

भटक्या_विमुक्त

जागा पकडून ठेवतो. टेकडी बघितली आहे, वारा असा की टोपी दोनदा खंदकात गेली. तुझी तळमळ पटते.

जुनाबखर

मानसी, काढून टाकायला माझा विरोध आहे. कारणं सांगतो.

एक तर रोमन इथे लढलेच नाहीत असं कुणी म्हणत नाहीये. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय की व्हेस्पासियन या मोहिमेत तीस लढाया लढला, दोन बलाढ्य टोळ्या, वीसहून जास्त तटबंदीच्या जागा आणि आइल ऑफ वाइट बेट त्याने जिंकलं. ठिकाणांची नावं तो देत नाही, पण ही मोहीम याच दक्षिण किनाऱ्याच्या पट्ट्यात झाली. दुसरं म्हणजे याच परगण्यात हॉड हिल आहे. १९५० च्या दशकात इयन रिचमंड यांनी तिथे खणलं तेव्हा एका मोठ्या झोपडीच्या आसपास यंत्राने फेकलेल्या बाणांची लोखंडी टोकं एकवटलेली मिळाली. आणि रोमनांनी त्याच किल्ल्याच्या एका कोपऱ्यात आपली छावणी बांधली, ती आजही जमिनीवर ओळखू येते.

तेव्हा मेडन कासलची कत्तल गेली म्हणून डॉर्सेटची रोमन स्वारी जात नाही. पाटी पुसण्यापेक्षा तिच्यात भर घाला.

उत्खननी

मी डेक्कन कॉलेजची, सध्या साउदॅम्प्टनला. या विषयावर थोडं सविस्तर लिहिते, चालेल ना?

व्हीलर यांच्या गोष्टीत पहिल्यापासून एक खडा होता. ते म्हणाले घाईघाईने पुरलं. पण त्या थडग्यांत भांडी ठेवलेली होती, खाण्यापिण्याची सोय केलेली होती. शत्रू डोक्यावर उभा असताना एवढं कोण करतं? १९८५-८६ मध्ये नायल शार्पल्स यांनी टेकडीवर पुन्हा उत्खनन केलं, तेव्हापासून अभ्यासकांमध्ये या कत्तलीबद्दल शंका होतीच. शिवाय ज्या जळालेल्या थराला व्हीलर यांनी हल्ल्याची राख मानलं, त्याच्याशी लोखंडकामाचा संबंध जास्त दिसतो. त्या भागात लोहार काम करत होते. २०२५ च्या तारखांनी शंकेला हाडांचा पुरावा दिला एवढंच.

आता व्हीलर यांच्या बाजूने. रेडिओकार्बन पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीस आली. १९३७ साली त्यांच्या हातात थर, खापरं आणि नाणी होती. त्या साधनांवर त्यांनी बेतलेली मांडणी त्या काळात अशक्य नव्हती. त्यांचा दोष निष्कर्षात कमी आणि खात्रीच्या सुरात जास्त आहे.

अश्विनी_रेडिंग

@उत्खननी, फार छान समजावलंत. एक विचारू? मणक्यात टोक असलेला तो माणूस आता कुठे आहे?

उत्खननी

डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट म्युझियममध्ये. काचेमागे, टोक मणक्यात तसंच. बघताना पोटात खड्डा पडतो. त्याचा मारेकरी कोण यावर वाद घाला, पण तो वेदनेने मेला याबद्दल वाद नाही.

तात्या_टेकडी

व्हीलरसाहेबांना आजच्या चष्म्यातून झोडपू नका रे मुलांनो. तो माणूस पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेला. १९३७ साली युरोपवर पुन्हा युद्धाचे ढग. परकी फौज येते, छोटा देश तटावर उभा राहतो, ही गोष्ट त्याला त्या मातीत दिसली तर नवल काय? दोनच वर्षांत तो स्वतः विमानविरोधी तोफांची तुकडी उभी करायला निघाला. अहवाल छापला गेला १९४३ ला, तेव्हा तो आघाडीवर होता.

आणि टेसाबाईंचं नाव धाग्यात एकदाच आलं. खणकामाची शिस्त, कामगारांची आणि विद्यार्थ्यांची व्यवस्था यांचा मोठा भार त्यांच्यावर होता. १९३६ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, काम अर्ध्यावर असताना. त्यांची आठवण ठेवा.

मानसी_पूल

तात्या, टेसाबाईंबद्दल शंभर टक्के. पण तुमचंच वाक्य माझ्या बाजूने जातं ना? १९३७ च्या माणसाला मातीत १९३७ दिसलं. मग पाटीवर इ.स. ४३ का लिहायचं?

भटक्या_विमुक्त

तात्या बोल्ड! 😄

शेवगावकर

मला यातलं फार कळत नाही, पण एक प्रश्न. आपल्याकडच्या सांकलिया सरांचा या टेकडीशी काही संबंध होता ना? कुठेतरी वाचलंय.

उत्खननी

आहे! आणि घट्ट आहे. हसमुख सांकलिया लंडन विद्यापीठात पीएच.डी. करत असताना मेडन कासलच्या उत्खननात काम करायला गेले होते. थर कसे वाचायचे, खड्ड्याची बाजू सरळ का ठेवायची, प्रत्येक वस्तूची जागा कशी नोंदवायची, याचं शिक्षण त्यांना या टेकडीवर मिळालं. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजला आले. पुढे कोल्हापूरचं ब्रह्मपुरी, नाशिक आणि जोर्वे, नेवासे ही उत्खननं झाली. महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाबद्दल आज आपण जे बोलतो त्याचा पाया या कामात आहे.

आणि खुद्द व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणवर्ग घेतला, पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल त्यात शिकले. चौकोनी खड्डे, मध्ये न खणलेले बांध, बांधाच्या कडेवर थर वाचायचे, ही पद्धत व्हीलर दांपत्याने इंग्लंडात घडवली आणि मेडन कासलवर मोठ्या प्रमाणात वापरली. पुण्यात पहिल्या वर्षाला आम्हाला 'व्हीलर पद्धत' म्हणून शिकवलेली ती हीच. मी पहिल्यांदा त्या पूर्व दरवाज्यात उभी राहिले तेव्हा मला परक्या जागी आल्यासारखं वाटलं नाही.

शेवगावकर

व्वा! नेवासे आमच्या शेजारचं. डॉर्सेटची टेकडी आणि प्रवरेचा काठ एका माणसाने जोडलेले. आज दिवस सार्थकी लागला.

जुनाबखर

@उत्खननी, एक पायरी आणखी मागे जा. व्हीलर ज्यांना गुरुस्थानी मानत ते जनरल पिट-रिव्हर्स. १८८० मध्ये त्यांना डॉर्सेट आणि विल्टशरच्या सीमेवरची क्रॅनबोर्न चेसची मोठी जमीनदारी वारशाने मिळाली. आपल्याच जमिनीवर त्यांनी टेकाडं, वस्त्या खणल्या आणि सोन्याच्या मागे न लागता फुटकं खापर, जनावराचं हाड, सगळं नोंदवलं. त्या काळात बरेच हौशी लोक दुपारभरात टेकाड फोडून कलश घरी नेत असत, हे लक्षात घ्या. प्राचीन वास्तूंचे देशातले पहिले सरकारी निरीक्षकही तेच.

अश्विनी_रेडिंग

थोडं अवांतर. आम्ही सर्न ॲबसचा तो राक्षस बघायला गेलो होतो. डोंगरउतारावर पांढऱ्या रेषांनी काढलेला, हातात गदा. सासूबाई सोबत होत्या. गाडीतून उतरल्या, वर बघितलं, आणि "मी गाडीतच बसते" म्हणाल्या. ज्यांनी चित्र पाहिलंय त्यांना कारण कळेल. 🙈

तो नक्की किती जुना आहे?

भटक्या_विमुक्त

सासूबाईंना नमस्कार सांगा 😂

माती_आणि_मी

राक्षसावर मी सांगतो, माझा आवडता विषय.

उंची ५५ मीटर. कुणी म्हणे प्रागैतिहासिक, कुणी म्हणे रोमन काळचा हर्क्युलीस, कुणी म्हणे सतराव्या शतकात इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश ऑलिव्हर क्रॉमवेल याची टिंगल करायला काढला. शेवटच्या मताला बळ होतं, कारण लेखी उल्लेख सापडतो तो थेट १६९४ चा, चर्चच्या हिशेबात, दुरुस्तीला तीन शिलिंग.

नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये तिथे छोटे खड्डे घेतले. मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजता येतं, तशी तपासणी केली. २०२१ ला उत्तर आलं: सर्वांत खालचा थर इ.स. ७०० ते ११०० च्या दरम्यानचा. प्रागैतिहासिकवाले हरले, रोमनवाले हरले आणि क्रॉमवेलवालेही हरले! सॅक्सन काळ, म्हणजे रोमन गेल्यानंतरचा आणि नॉर्मन येण्याआधीचा, कुणाच्या फारसा ध्यानीमनी नव्हता. २०२४ मध्ये दोन अभ्यासकांनी मांडलं की तो हर्क्युलीसच आहे, आणि वेसेक्स या सॅक्सन राज्याच्या फौजा गोळा व्हायची ती जागा असावी. मला हे पटतं. लांबून दिसणारी आकृती, खाली पाणी, जवळून जाणारे रस्ते.

रेषा आपोआप टिकत नाहीत. गवत चढतं, पावसात खडू वाहून जातो. २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी १७ टन नवा खडू ठोकून भरला. एक पिढी जरी आळस करती तरी राक्षस आज नसता.

निळावंती

@माती_आणि_मी, शेवटच्या दोन ओळींसाठी तुम्हाला माझ्याकडून चहा.

भटक्या_विमुक्त

मेरी ॲनिंग आणि लाइम रेजिसचे जीवाश्म राहिले की!

माती_आणि_मी

त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे करोडो वर्षं घुसवू नकोस. 🙂

अश्विनी_रेडिंग

बरं, वायकिंगांचं काय? वेमथच्या रस्त्याखाली डोकी सापडली होती ना?

उत्खननी

हो, रिजवे हिल. २०१२ च्या ऑलिम्पिकची शिडाच्या बोटींची स्पर्धा वेमथला होती, त्याआधी नवा रस्ता करताना २००९ मध्ये रोमन काळातल्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात पन्नासेक तरुण पुरुषांचे सांगाडे मिळाले. धडं एकीकडे, डोकी दुसरीकडे रचलेली. कपडे किंवा दागिन्यांचा मागमूस नाही. काळ इ.स. ९७० ते १०२५ च्या दरम्यान.

सगळ्यांना वाटलं होतं की इथलेच कोणी असणार, रोमनांनी मारलेले. दातांमधल्या समस्थानिकांनी (माणूस कुठे वाढला हे सांगणाऱ्या रासायनिक खुणांनी) वेगळंच सांगितलं. ही मुलं स्कँडिनेव्हिया आणि त्याहून थंड उत्तरेकडे वाढलेली. घाव समोरून आणि बाजूनेही झालेत, म्हणजे काही जण मारेकऱ्याकडे तोंड करून उभे होते. एकाने हात वर केला असावा, बोटं छाटलेली आहेत. बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं. वायकिंग म्हटलं की आपल्याला लूटमार करणारे दिसतात. इथे ती हरलेली आहेत.

मानसी_पूल

बघा! रिजवे हिलवर पहिला अंदाज चुकला आणि तपासणीनंतर तो सोडून दिला. मेडन कासललाच वेगळा न्याय का?

जुनाबखर

कारण रिजवेचा अंदाज काही आठवडे टिकला. व्हीलरचा अंदाज हा आता स्वतःच इतिहास झालाय. त्याच्यावर पिढ्या वाढल्या, पुरातत्त्वाकडे वळल्या. तो पुसलात तर विसाव्या शतकातल्या ब्रिटिश पुरातत्त्वाचं मोठं पान पुसलंत.

माती_आणि_मी

या वादात एक मुद्दा सुटतोय. रोमनांनी मारलं नाही, तर कुणी मारलं?

ही माणसं ड्युरोट्रिगीझ टोळीची. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये याच टोळीबद्दल डीएनएचा अभ्यास आला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांचा. विंटरबोर्न किंग्स्टन गावाजवळ बोर्नमथ विद्यापीठ २००९ पासून खणतंय, त्या दफनभूमीतली माणसं. निघालं काय, तर दोन तृतीयांशांहून जास्त जण एकाच आईच्या वंशातले. पुरुष मात्र बाहेरून आलेले. म्हणजे लग्न झालं की बाई गावात राहायची आणि नवरा नांदायला यायचा.

भटक्या_विमुक्त

अख्खं गाव घरजावयांचं!! आणि घरात सासूबाईंचं राज्य! 🤣 @अश्विनी_रेडिंग, तुमच्या सासूबाईंना हे सांगा, राक्षस माफ होईल.

अश्विनी_रेडिंग

सांगितलं. म्हणाल्या, "शहाणी होती ती माणसं."

निळावंती

हसू आलं, पण ही बातमी मला फार महत्त्वाची वाटते. रोमन लेखक ब्रिटनमधल्या बायकांच्या सत्तेबद्दल लिहायचे तेव्हा ते अतिरंजित असं मानायची सवय होती. आता हाडं सांगताहेत की निदान या पट्ट्यात घर आणि कूळ बाईच्या बाजूने चालत होतं. याच टोळीच्या बायकांच्या थडग्यांत बऱ्यापैकी मौल्यवान वस्तूही मिळतात.

@माती_आणि_मी यांचा प्रश्न इथे येऊन बसतो. रोमन येण्याआधीच्या त्या काही दशकांत डॉर्सेटमध्ये अस्वस्थता होती. कुळाकुळांत वैर, सत्तेवरून मारामाऱ्या. काही जणांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त घाव घालून मारलंय, तोंडावर, डोक्यावर. हा राग ओळखीच्या माणसावरचा वाटतो. बाहेरच्या सैन्याच्या कत्तलीपेक्षा हे मला जास्त हादरवतं.

तात्या_टेकडी

निळावंतीबाई, हे पटलं. भाऊबंदकी म्हणा की.

पण मग ते गोफणीचे गोटे? पूर्व दरवाज्यापाशी वीस हजारांहून जास्त सापडले, चेझिल किनाऱ्यावरून निवडून आणलेले. एवढा साठा भाऊबंदांसाठी?

उत्खननी

तात्या, का नाही? साठा सांगतो की लोकांना हल्ल्याची धास्ती होती. हल्ला कुणाचा, ते गोटे सांगत नाहीत. आणि बहुतेक साठा तसाच पडून राहिला.

शेवगावकर

आम्ही उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला येतोय. डॉर्चेस्टरला एक दिवस काढला तर काय काय होईल? गुडघे फार साथ देत नाहीत.

मानसी_पूल

काका, जरूर या. वॉटर्लूहून डॉर्चेस्टर साउथला थेट गाडी आहे. स्टेशनजवळच मॉमबरी रिंग्ज: नवाश्मयुगीन रिंगण, रोमनांनी त्याचं प्रेक्षागार केलं, सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात तिथे तोफा बसवल्या, पुढे फाशी देण्याची जागा झाली. आता लोक डबा घेऊन येतात. तिकीट नाही, चढ नाही. मग म्युझियम. मग कॉलिटन पार्कमधलं रोमन घर, १९३७ ला सापडलेलं, फरशीच्या नक्षीसकट.

गावातल्या एका सुपरमार्केटखालच्या पार्किंगमध्येही जा. नवाश्मयुगात तिथे प्रचंड लाकडी खांबांचं वर्तुळ होतं, त्यातल्या काही खांबांच्या जागा फरशीवर रंगाने दाखवल्या आहेत. लोक त्यांवरून ट्रॉली ढकलत जातात!

मेडन कासलला मात्र टॅक्सीने पायथ्यापर्यंत जा. पश्चिमेच्या दरवाज्याकडून वाट आहे, चढ बेताचा. पूर्व दरवाजा टेकडीच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर जायचं तर वेळ ठेवा. पाऊस असेल तर नको, चॉक फार निसरडा होतो.

शेवगावकर

लिहून घेतलं. धन्यवाद बाळा.

जुनाबखर

मूळ प्रश्नावर परत येतो. निळावंती आणि उत्खननी यांचं वाचून माझं म्हणणं असं: पाटीवर दोन मजकूर शेजारी शेजारी. "१९३७ मध्ये व्हीलर यांना काय वाटलं" आणि "२०२५ मध्ये हाडांनी काय सांगितलं". शाळेतल्या मुलांना इतिहास कसा तपासला जातो हे दाखवायला याहून चांगली जागा इंग्लंडात नाही.

मानसी_पूल

शेजारी शेजारी असतील तर मला चालेल, पण एका अटीवर. व्हीलर यांचा मजकूर लहान अक्षरात आणि त्यावर साल ठळक. आज उलटं होतं: माणसं घरी जातात ती व्हेस्पासियन लक्षात ठेवून, कारण त्या गोष्टीत सेनापती आहे, आग आहे, अंधारातली दफनं आहेत. पिढ्यांच्या वैराला नाव नाही म्हणून ते कुणाला आठवत नाही. त्या गोष्टीलाही तेवढ्याच ताकदीने सांगणारं कुणीतरी हवं.

उत्खननी

मग आपणच सांगू. डॉर्सेटमध्ये आणि आसपास असलेल्यांनी हात वर करा, मराठीतून टेकडी दाखवायची एक फेरी ठरवू. पूर्व दरवाज्यातलं मी बोलेन.

अश्विनी_रेडिंग

✋ आम्ही चौघे. सासूबाईही येणार म्हणतात, राक्षस नाही एवढी खात्री करून घेतली.

तात्या_टेकडी

मीही. गोफणीच्या गोट्यांचा विषय माझा, आणि तो मी अजून सोडलेला नाही.